‘५० मीटर’ लिहिलेलं घड्याळ आंघोळीत का बिघडतं?

पुंडलिकनगरातल्या खोलीवर आम्ही चौघं राहतो. त्यातला सगळ्यात धाकटा यंदा पेट देणार आहे. विद्यार्थ्यांची झोप आणि अभ्यास यावर त्याला संशोधन करायचंय. प्रस्ताव लिहिण्याआधी स्वतःवरच करून बघू म्हणून त्यानं शिकवण्यांचे पैसे साठवून स्मार्टवॉच घेतलं आणि रात्रंदिवस हातात ठेवलं. आंघोळीतसुद्धा. महिना-दीड महिना सगळं ठीक चाललं. मग एका सकाळी काचेच्या आत धुकं दिसलं आणि संध्याकाळपर्यंत स्क्रीन गेली. बॅटरी वाचवायला त्यानं मोबाईलशी जोडणी बंद ठेवली होती, त्यामुळे शेवटच्या पाच रात्रींची नोंदही घड्याळाबरोबरच गेली. दुरुस्तीला नेलं तर उत्तर मिळालं: आत पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही.

“दादा, मागं तर पन्नास मीटर लिहिलंय! मी काय विहिरीत उडी मारली होती का?”

प्रश्न रास्त आहे. तुम्ही संशोधनाकडे वळणार असाल तर हा प्रश्न नीट सोडवून बघा, कारण पुढची काही वर्षं तुम्हाला अशाच आकड्यांवर विसंबून राहायचंय.

आधी तो आकडा काय म्हणतो ते पाहू. ‘५ एटीएम’मधलं एटीएम म्हणजे वातावरणाचा दाब. पाण्यात साधारण १० मीटर खाली गेलं की एक वातावरण इतका दाब वाढतो, म्हणून ५ एटीएम म्हणजे ५० मीटर. पण हा दाबाचा आकडा आहे, तितकं खोल जायची परवानगी नाही. साध्या जलरोधक घड्याळांसाठी आयएसओ २२८१० हे मानक आहे. त्यात घड्याळ पाण्याच्या दाबपात्रात ठेवून ठरलेला दाब काही मिनिटं देतात, उथळ पाण्यात बुडवून ठेवतात, गरम-थंड पाण्यातही फिरवतात. पाणी साधं, घड्याळ नवं. शिवाय प्रत्येक घड्याळ तपासायची सक्ती नाही, नमुने तपासले तरी चालतं. पाणबुड्यांच्या घड्याळांचं मानक वेगळं, आयएसओ ६४२५. तिथं मात्र एकेक घड्याळ तपासावं लागतं.

काही घड्याळांवर ‘आयपी ६८’ असतं. यातला ६ धुळीसाठी आणि ८ पाण्यात बुडून राहण्यासाठी. गंमत अशी की ८ साठी किती खोल आणि किती वेळ हे उत्पादक ठरवतो. पाण्याच्या फवाऱ्याची चाचणी वेगळी, तिचे आकडे ५ आणि ६. बुडण्याची परीक्षा पास झालेली वस्तू फवाऱ्यालाही टिकेल असं त्या संहितेत गृहीत धरलेलं नाही. नेटचा पेपर एक निघाला म्हणून दोन निघाला असं होत नाही, तसंच.

आता आमचं न्हाणीघर. गच्चीवरची टाकी शॉवरपेक्षा फार तर ६ मीटर उंच. म्हणजे शॉवरच्या तोंडाशी जास्तीत जास्त ०.६ वातावरण इतका दाब, आणि धार अंगावर पडताना प्रत्यक्षात त्याहूनही कमी. खरं तर तेवढंही नाही. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, तिथं शॉवर सोडून उभं राहायची चैन कुणाला? बादली आणि मग्गा. अनेक जण सांगतात की पाण्यात हात जोरात हलवला की दाब रेटिंगच्या वर जातो. तेही मोजून बघा. हात सेकंदाला ३ मीटर वेगानं फिरला तर अर्धा गुणिले घनता गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे ४,५०० पास्कल. एका वातावरणाच्या पाच टक्केही नाही.

म्हणजे ५ वातावरणं सोसणारं घड्याळ अर्ध्या वातावरणाच्या आत हरलं. इथं थांबून विचार करा. आकडा खोटा नाही, पण तो दाबाबद्दल आहे आणि आपल्या न्हाणीघरात दाब हा मुद्दाच नाही.

मग मुद्दा काय? पहिला संशयित साबण. घरी करून बघता येईल असा प्रयोग सांगतो. अळूचं एक पान घ्या आणि त्यावर साध्या पाण्याचा थेंब टाका. तो मोत्यासारखा गोल राहतो, पान कललं की घरंगळतो. आता दुसरा थेंब शाम्पू मिसळलेल्या पाण्याचा टाका. तो बसतो, पसरतो, पान भिजवतो. साध्या पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलीन्यूटन असतो, साबणानं तो निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो. स्मार्टवॉचला माईक असतो, स्पीकर असतो, काहींत हवेचा दाब मोजायचा सेन्सर असतो. या सगळ्यांना बाहेरची हवा लागते, म्हणून तिथं भोक ठेवतात आणि भोकावर हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा बारीक छिद्रांचा पडदा बसवतात. तो पडदा अळूच्या पानाच्या तत्त्वावर चालतो. छिद्रातून पाणी ढकलायला किती दाब लागेल हे पृष्ठताणावर आणि थेंब पडद्याला किती चिकटतो त्यावर ठरतं. साबणानं दोन्ही बिघडतं, तेव्हा बाहेरून जोर लावायची गरजच उरत नाही. उत्पादकही हे लपवत नाहीत. ॲपलच्या सूचनांत साबण, शाम्पू, लोशन, अत्तर यांमुळे सील आणि ध्वनीपडदे खराब होऊ शकतात असं स्पष्ट म्हटलंय, आणि जलरोधकता कायमची नसते हेही. वाचतो कोण, हा वेगळा विषय.

दुसरा संशयित उष्णता. समजा गरम पाण्यानं घड्याळातली हवा ४५ अंशांपर्यंत तापली आणि सैल झालेल्या सीलमधून थोडी बाहेर निसटली. बाहेर येऊन पंख्याखाली उभे राहिलात, ती २५ अंशांवर आली. केल्विनमध्ये ३१८ वरून २९८, म्हणजे आतला दाब सुमारे ६ टक्के घसरला. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे हे धरूनही ही ओढ साधारण ६० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढी होते. नेमक्या त्या वेळी फटीवर साबणाचं पाणी बसलेलं असतं. मानकात गरम-थंडची चाचणी आहे खरी, पण ती नव्या घड्याळावर आणि मोजकी मिनिटं. आपण ती रोज सकाळी घेतो.

तिसरी गोष्ट आपल्याकडची. नळाला पाणी नसलं की बोअरचं वापरायचं, आणि ते जड असतं. जड पाण्यात साबण फेसाळत नाही, म्हणून आपण आणखी घासतो. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि साबण मिळून जो पांढरट साका बादलीच्या कडेला बसतो, तोच घड्याळाच्या भोकांत आणि चार्जिंगच्या पिनांवरही बसतो.

यातलं नेमकं कशानं धाकट्याचं घड्याळ गेलं? सांगता येणार नाही. एकच घड्याळ, तीन कारणं एकाच वेळी, आणि तुलनेला साबणाशिवाय धुतलेलं दुसरं घड्याळ नाही. ‘साबणामुळेच बिघडलं’ असं त्यानं लिहिलं तर मी मार्गदर्शक असतो तर खोडलं असतं.

खोडण्यासारखं आणखी एक वाक्य त्याच्या प्रस्तावाच्या मसुद्यात होतं: ‘घड्याळ वॉटरप्रूफ असल्याने सहभागी ते चोवीस तास परिधान करतील.’ दिसायला निरुपद्रवी. पण तीस सहभागी असते आणि एकेक घड्याळ गळत गेलं असतं तर? जे गरम पाण्यानं, भरपूर साबण लावून आंघोळ करतात त्यांचीच नोंद आधी तुटली असती. अशी गळती योगायोगाची नसते, ती सवयींशी बांधलेली असते आणि निकाल एका बाजूला झुकवते.

परवा रात्री आम्ही दोघांनी ते वाक्य बदललं. आता तिथं असं आहे: आंघोळीपूर्वी घड्याळ काढून चार्जिंगला लावावं, काढल्याची आणि घातल्याची वेळ वहीत लिहावी, रोज झोपण्याआधी नोंद मोबाईलवर उतरवावी. झोप मोजायची असल्यानं आंघोळीची पंधरा मिनिटं गेली तरी काही बिघडत नाही. गरम पाण्यानंतर हृदयाची गती किती बदलते हा विषय असता, तर मात्र नेमकी तीच मिनिटं हवी असती आणि वेगळं साधन शोधावं लागलं असतं.

नवं घड्याळ घ्यायला अजून दोन महिन्यांच्या शिकवण्या आहेत. तोवर तो वहीतच झोपेची वेळ लिहितोय.