चाळीसगावचा पूल आणि लळिंगचा लांडोर बंगला

खानदेशातील ऐतिहासिक स्थळे म्हटली की पाटणादेवीचे मंदिर, लळिंगचा किल्ला ही नावे सहज ओठांवर येतात. आपल्या समाजाच्या दृष्टीने मात्र आणखी दोन ठिकाणे तितकीच मोलाची आहेत.

पहिले चाळीसगावचे. 1929 साली परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून खानदेशात आले होते. धुळे मार्गावरील एका गावी सामाजिक बहिष्काराची माहिती घेऊन ते चाळीसगावी परतले, तेव्हा महारवाड्यातील मंडळी हार घेऊन स्थानकावर उभी होती. वस्ती सुमारे दोन मैलांवर, पायी जाण्याच्या अंतरात. तरी आपल्या पाहुण्याने पायी यावे, हे कोणालाच रुचेना. परंतु अस्पृश्याला बसवून टांगा हाकण्यास एकही टांगेवाला तयार होईना. अखेर टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मात्र वस्तीतलाच घ्यावा लागला. त्याला सराव नव्हता. नदीवरील पुलावर चाक दगडावर आदळले. बाबासाहेब फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत कोसळला. त्यांच्या पायाचे हाड मोडले. वस्तीने रडत रडत त्यांना उचलून घरी नेले.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात बाबासाहेबांनी हा प्रसंग नोंदविला आहे. बॅरिस्टर झालेल्या माणसापेक्षाही साधा टांगेवाला स्वतःला श्रेष्ठ मानतो, हे त्यांनी दाखविले. आणि पाहुण्याच्या मानापेक्षा त्याची सुरक्षितता मोठी, हे आपली माणसे विसरली, हेही स्पष्ट लिहिले.

दुसरे ठिकाण धुळ्याजवळ, लळिंगच्या कुरणातील लांडोर बंगला. 31 जुलै 1937 रोजी न्यायालयीन कामासाठी धुळ्यास आलेल्या बाबासाहेबांचे वास्तव्य या वास्तूला लाभले. दरवर्षी 31 जुलैला हजारो अनुयायी भर पावसाळ्यात तेथे जमतात. ही परंपरा समाजाने स्वतः जपली आहे.

बंगल्याची स्मृती यात्रेने राखली. पुलाची कोण राखणार? टांगा हाकणाऱ्या त्या माणसाचे नावही त्या लेखनात नाही. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांची घरे त्याच परिसरातील आहेत. घरातील वडीलधाऱ्यांनी आजी-आजोबांकडून ऐकलेले जे काही असेल, ते आपण आजच लिहून ठेवावे, एवढीच आमची नम्र विनंती.