सिबिल बिघडलंय? जास्त लिमिटच्या क्रेडिट कार्डाचा रस्ता छोट्या एफडीतून जातो

गंगाखेड : दिवाळीत हप्त्यावर मोबाईल घेतला, शेवटचे दोन हप्ते राहून गेले. रक्कम जेमतेम तीन-चार हजारांची. तीन वर्षांनी गाडीच्या कर्जासाठी बँकेत गेल्यावर साहेब स्क्रीनकडे बघून म्हणतात, "सिबिल बसत नाही." क्रेडिट कार्डाचा अर्जही तसाच परत येतो. मग कुणीतरी सांगतं, अमुक एजंट पाच हजारांत सिबिल साफ करून देतो आणि लाखाचं कार्डही काढून देतो.

असा कोणताही एजंट सिबिल साफ करू शकत नाही. बिघडलेलं सिबिल सुधारता मात्र येतं आणि कमी लिमिटपासून सुरुवात करून कार्डाची लिमिट वाढवताही येते. त्यासाठी साधारण एक-दीड वर्षाची शिस्त लागते. शिवाय शेतीवर चालणाऱ्या घराची एक वेगळी अडचण असते. पैसा हंगामाला येतो आणि कार्डाचं बिल दर महिन्याला. ही अडचण आधी सोडवली नाही तर मोठी लिमिट फायद्याऐवजी अंगावर येते.

आधी स्वतःचा रिपोर्ट पाहा

आपण ज्याला सरसकट 'सिबिल' म्हणतो ती खरं तर एका कंपनीची सेवा आहे. देशात अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. बँका, फायनान्स कंपन्या आणि बचत गटांना कर्ज देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपन्या प्रत्येक कर्जाची माहिती त्यांच्याकडे पाठवतात. त्यावरून ३०० ते ९०० या दरम्यान स्कोअर ठरतो. ७५० च्या पुढचा स्कोअर साधारणपणे चांगला मानला जातो.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. त्यांच्या संकेतस्थळावर पॅन आणि मोबाईल नंबर टाकून तो घेता येतो. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्यानं स्कोअर कमी होत नाही. मात्र एकाच महिन्यात चार-पाच बँकांकडे कार्डासाठी अर्ज केले, तर प्रत्येक अर्जाची चौकशी म्हणून नोंद होते आणि 'या माणसाला पैशाची फार घाई आहे' असा त्याचा अर्थ निघतो.

रिपोर्टमध्ये पुढच्या गोष्टी बारकाईनं बघाव्यात :

• हप्त्यांची नोंद : मागच्या ३६ महिन्यांत कोणत्या महिन्यात हप्ता किती दिवस उशिरा भरला, हे महिन्यानुसार दिसतं. शून्य म्हणजे वेळेवर.

• कर्जाची स्थिती : 'क्लोज्ड' म्हणजे पूर्ण फेडलेलं. 'सेटल्ड' म्हणजे तडजोड करून कमी रकमेत मिटवलेलं. 'रिटन ऑफ' म्हणजे बँकेनं बुडीत धरलेलं. शेवटच्या दोन्ही नोंदी नव्या कर्जाच्या आड येतात.

• जामीनकी : पाहुण्याच्या किंवा मित्राच्या कर्जाला जामीन राहिलेल्या माणसाच्या रिपोर्टवरही ते कर्ज दिसतं. त्यानं हप्ते थकवले तर झळ जामीनदारालाही बसते.

• आपलं नसलेलं कर्ज : आपण कधी घेतलंच नाही असं एखादं खातं आपल्या नावावर आहे का, हे तपासावं.

शेवटचा मुद्दा गंगाखेड परिसराला नवा नाही. गंगाखेड शुगर अँड एनर्जी या कारखान्यानं शेतकऱ्यांच्या नावावर परस्पर बँकांची कर्जं उचलल्याचा आरोप झाला आणि २०१७ मध्ये गुन्हा दाखल झाला. आपल्या नावावर कर्ज आहे हे अनेक शेतकऱ्यांना बँकेच्या नोटिसा आल्यावरच कळलं. पुढं डिसेंबर २०२० मध्ये सक्तवसुली संचालनालयानं, म्हणजे ईडीनं, या प्रकरणात सुमारे २५५ कोटी रुपयांच्या मालमत्तेवर टाच आणली. वर्षातून एकदा रिपोर्ट पाहण्याची सवय असेल तर अशी गोष्ट नोटीस येण्याआधीच लक्षात येऊ शकते.

चुकीची नोंद असेल तर

कर्ज फेडलं तरी नोंद तशीच राहिली असेल किंवा भलतंच खातं दिसत असेल, तर त्या क्रेडिट कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत. सोबतच संबंधित बँकेच्या शाखेत लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. बेबाकी दाखला असेल तर त्याची झेरॉक्स जोडावी.

तक्रार ३० दिवसांत निकाली काढणं बंधनकारक आहे. त्यापुढं उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला मिळाली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. जानेवारी २०२५ मध्ये बँकांना ही माहिती महिन्याऐवजी दर १५ दिवसांनी पाठवणं बंधनकारक झालं. त्यामुळे थकबाकी भरल्यानंतर रिपोर्टमध्ये बदल दिसायला पूर्वीपेक्षा कमी वेळ लागतो.

नोंद खरी असेल, म्हणजे हप्ता खरोखर थकला असेल, तर ती कुणालाही पुसता येत नाही. अशा वेळी बाकी रक्कम पूर्ण भरून खातं 'क्लोज्ड' करून घेणं हाच उपाय. तडजोडीत चार पैसे वाचतात, पण 'सेटल्ड'चा शिक्का पुढं बरीच वर्षं नडतो. पूर्वी सेटलमेंट केलं असेल तर उरलेली रक्कम भरून नोंद बदलता येईल का, हे शाखेत विचारावं.

एफडीवरचं कार्ड : पहिली पायरी

सिबिल खराब असलेल्यांना आणि कधीच कर्ज न घेतलेल्यांना साधं कार्ड सहसा मिळत नाही. त्यांच्यासाठी अनेक बँका मुदत ठेवीवर, म्हणजे एफडीवर, कार्ड देतात. पगाराची स्लिप किंवा आयटी रिटर्न याचा आग्रह त्यात सहसा नसतो, कारण बँकेकडे ठेव तारण असते. बिल भरलं नाही तर बँक ठेवीतून पैसे वळते करते. ठेवीवर व्याज मात्र चालू राहतं.

समजा, एखाद्या किराणा दुकानदारानं २५ हजारांची एफडी केली आणि बँकेनं ठेवीच्या ८० टक्के लिमिट दिली. म्हणजे कार्ड झालं २० हजारांचं. आता त्यातले किती वापरायचे? लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत वापर ठेवावा, असा जाणकारांचा सल्ला असतो. म्हणजे इथं महिन्याला सहा हजारांपर्यंत. गाडीचं पेट्रोल, मोबाईल रिचार्ज, लाईट बिल एवढं कार्डावर टाकलं तरी पुरे. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलं तर दुकानातल्या क्यूआर कोडवरही ते चालतं.

दर महिन्याला थोडा वापर आणि तारखेच्या आत पूर्ण बिल, एवढंच काम सलग वर्षभर करायचं. दर महिन्याची वेळेवरची नोंद रिपोर्टमध्ये चढत जाते आणि जुनी खराब नोंद हळूहळू मागं पडते.

लिमिट कशी वाढते?

एफडीच्या कार्डाची लिमिट ठेवीला बांधलेली असते. सोयाबीन किंवा कापसाचा पैसा हातात आल्यावर ठेवीत आणखी २५ हजार टाकले, तर तीच लिमिट ४० हजारांवर जाऊ शकते. खर्च मात्र पूर्वीएवढाच, म्हणजे सहा हजार, ठेवायचा. आधी सहा हजार म्हणजे लिमिटच्या ३० टक्के होते, आता ते १५ टक्के झाले. वापराचं प्रमाण घटलं की स्कोअरला मदत होते. मोठ्या लिमिटचा खरा उपयोग इथं आहे. लिमिट वाढली म्हणून खर्चही वाढवला तर तो उपयोग संपला.

वर्षभरानंतर रिपोर्ट पुन्हा काढावा. स्कोअर सुधारला असेल तर त्याच बँकेकडे ठेवीशिवायच्या साध्या कार्डासाठी अर्ज करावा. तिथं उत्पन्नाचा पुरावा मागितला जातो, म्हणून दुकान किंवा जोडधंदा असणाऱ्यांनी आयटी रिटर्न भरत राहणं फायद्याचं. अर्ज एकाच ठिकाणी करावा आणि नकार आला तर पाच-सहा महिने थांबावं.

लिमिट वाढवण्यासाठी ग्राहकाची स्पष्ट संमती लागते. न विचारता बँकेनं लिमिट वाढवणं किंवा न मागता कार्ड पाठवणं नियमात बसत नाही. "सर, तुमची लिमिट वाढलीय" असा मेसेज आला तर 'नको' म्हणण्याचा हक्क ग्राहकाला आहे.

हंगामाचा पैसा, महिन्याचं बिल

उसाचं बिल कारखान्याच्या हिशेबानं येतं, सोयाबीन दिवाळीच्या आसपास विकतं, ऊसतोडीची उचल एकदम मिळते. कार्डाचं बिल यातलं काहीच बघत नाही. म्हणून शेतकरी कुटुंबानं कार्डाचा खर्च वर्षाच्या कमाईवरून न ठरवता दर महिन्याला नक्की हातात येणाऱ्या पैशावरून ठरवावा. दुधाचा पैसा, दुकानाचा गल्ला, घरातल्या कुणाचा पगार, हे ते उत्पन्न. तेही नसेल तर हंगामात सहा महिन्यांच्या बिलाएवढी रक्कम वेगळ्या बचत खात्यात ठेवून त्या खात्यावरून पूर्ण बिलाचा ऑटो पेमेंट लावावा. तेवढी रक्कम बाजूला निघत नसेल तर सध्या कार्ड न घेतलेलंच बरं.

'मिनिमम ड्यू' भरला की झालं, हा समज सगळ्यात महागात पडतो. समजा, २० हजारांचं बिल आहे आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के. एका महिन्याचं व्याज झालं ७०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १२६ रुपये. ग्राहकानं हजार रुपये भरले तर ८२६ रुपये यातच गेले आणि मुद्दल फक्त १७४ रुपयांनी कमी झालं. महिन्याला साडेतीन म्हणजे वर्षाला ४२ टक्के. सावकाराच्या शेकडा तीन-चारच्या व्याजात आणि यात काही फरक राहत नाही. कार्डाच्या व्याजावर ३० टक्क्यांची मर्यादा घालणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा निर्णय डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला. त्यामुळे त्या मर्यादेचा आधारही आता राहिलेला नाही.

एटीएममधून कार्डावर रोख काढली तर काढल्या दिवसापासून व्याज सुरू होतं, शिवाय वेगळं शुल्क लागतं. खत-बियाण्यासाठी असे पैसे काढू नयेत. त्यासाठी किसान क्रेडिट कार्डाचं पीक कर्ज कितीतरी स्वस्त पडतं. जानेवारी २०२५ पासून विनातारण शेती कर्जाची मर्यादा १ लाख ६० हजारांवरून २ लाख रुपये झाली आहे. नावात 'क्रेडिट कार्ड' असलं तरी ते पीक कर्ज आहे आणि ते थकलं तरी सिबिलवर दिसतं.

पीक कर्जासाठी सिबिल मागू नका, असं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मे २०२५ मध्ये बँकांना बजावलं होतं. ते पीक कर्जापुरतं आहे. क्रेडिट कार्ड आणि गाडीच्या कर्जाला बँक सिबिल पाहणारच.

बिलाची तारीख हुकली तर

एखाद-दुसरा दिवस उशीर झाला म्हणून घाबरून जाऊ नये. देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच कार्ड कंपनी खातं थकीत म्हणून कळवू शकते आणि उशिराचा दंड लावू शकते. तेवढ्यात पैसे भरून टाकावेत.

कार्ड झेपत नाही असं वाटलं तर ते बंद करता येतं. सगळी बाकी भरून अर्ज दिल्यावर कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं. त्यापुढं उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये दंड बँकेनं ग्राहकाला द्यायचा असतो.

फसवणूक आणि तक्रार

"लिमिट वाढवून देतो, ओटीपी सांगा" किंवा "ही ॲप फाईल टाका" असा फोन आला की तो लगेच कट करावा. लिमिट वाढवण्यासाठी बँक फोनवर ओटीपी, पिन किंवा कार्डामागचा तीन आकडी नंबर मागत नाही.

• पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन करावा आणि बँकेला कळवून कार्ड बंद करून घ्यावं. कळवायला जितका उशीर, तितकं पैसे परत मिळणं अवघड.

• बँक, कार्ड कंपनी किंवा सिबिलसारखी कंपनी ३० दिवसांत दाद देत नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते.

• तक्रारीसाठी शाखेतल्या अर्जाची पोच, बेबाकी दाखला आणि रिपोर्टची प्रत जपून ठेवावी.