वेहेरगावच्या चुली

रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमाराला वेहेरगावात ॲल्युमिनियमचे टोप एकमेकांवर आपटत टेम्पोतून उतरायला लागतात. त्यांच्या मागून तांदळाच्या पिठाचे डबे, मसाल्याच्या बरण्या, पाण्याचे कॅन, चटया, एक भलामोठा स्पीकर, आणि सगळ्यात शेवटी दोघातिघांनी धरलेला बोकड. बोकडाच्या गळ्यात झेंडूची माळ असते आणि ती खायची त्याची खटपट चाललेली असते. बसमधून बायका उतरतात. उतरल्या उतरल्या केसांतला गजरा चाचपून बघतात, मग पोरांची मोजदाद करतात. देवीचं दर्शन अजून तीन तास लांब असतं.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, लोणावळ्यापासून थोड्या अंतरावर कार्ला फाटा लागतो. तिथून आत वळलं की डोंगराच्या पायथ्याशी वेहेरगाव. लोकलने आलात तर मळवलीला उतरायचं आणि इंद्रायणी ओलांडून यायचं. देहू-आळंदीला जाणारी हीच इंद्रायणी, इथे मात्र अजून अंगानं बारीक आहे. वर डोंगराच्या पोटात एकवीरा आहे. कोळी, आगरी, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू अशा कितीतरी समाजांतल्या घराण्यांची ही कुलदेवता. ठाकरे घराण्याचीही तीच, त्यामुळे निवडणुकीच्या आगेमागे इथे कॅमेरेही येतात. पण गडाचा रोजचा संसार चालवतात ते समुद्राकाठचे लोक. वर्सोवा, वसई, उरण, पेण, अलिबाग अशी गावं बसच्या काचांवर लिहिलेली असतात. आयुष्यभर ज्यांनी भरती-ओहोटी पाहिली त्यांची आई घाट चढून आल्यावर भेटते, याचं मला पहिल्यापासून नवल वाटत आलं आहे. त्यांना मात्र वाटत नाही. एका म्हाताऱ्या कोळणीला मी तसं विचारलं, तर ती म्हणाली, "आई हाय ना ती, वरूनच बघनार." विषय संपला.

पायऱ्या सुरू होतात तिथल्या एका ओटीच्या दुकानात मी बराच वेळ बसून राहिलो. मालकीणबाई मावळातल्याच, लग्न होऊन आल्यापासून याच फळीवर बसतात. त्यांचे हात बघण्यासारखे होते. वेताच्या परडीत आधी हिरवा खण, घडी अशी की काठ बाहेर दिसावा. त्यावर नारळ, शेंडी वर. मग तांदूळ, हळदकुंकवाच्या पुड्या, हिरव्या बांगड्या, हळकुंड, सुपारी, फुलांची वेणी, बाजूला खडीसाखरेची पुडी. हे सगळं करताना त्या समोरच्या गिऱ्हाइकाशी बोलत होत्या, मागे बसलेल्या सुनेला सुटे पैसे देत होत्या आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला हाका मारत होत्या: "वटी घ्या ताई, वटी! चपला इथंच ठेवा, चपलांचं पैसं नाय!" खरा धंदा त्या शेवटच्या वाक्यात आहे. चपला एकदा फळीखाली गेल्या की माणूस बांधला जातो. परतताना त्याला तिथंच यावं लागतं, आणि आला की पेढ्यांचा पुडा, देवीचा फोटो, पोरासाठी डमरू काहीतरी घेतोच.

नारळ निवडायची त्यांची रीत सांगतो. प्रत्येक नारळ कानाशी धरून हलवायचा. पाणी वाजलं पाहिजे, पण फार खळखळता कामा नये, नाहीतर खोबरं आतून सुटलेलं असतं. वर देवीपुढे नारळ कुजका निघाला तर लोक अपशकुन मानतात आणि खाली येऊन भांडतात. "देवीचा राग परवडला, गिऱ्हाइकाचा नाय," त्या म्हणाल्या आणि एक नारळ बाजूच्या टोपलीत टाकला. ती टोपली खानावळवाल्याकडे जाते.

पायऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. गाडीरस्ता डोंगराच्या निम्म्यापर्यंत पोचला आहे, तरी उरलेला चढ पोटऱ्यांना कळतोच. दोन्ही बाजूंना दुकानं, ताडपत्र्यांची सावली, लिंबू सरबत, ताक, मीठमसाला लावलेली काकडी. उन्हाळ्यात करवंदांचे द्रोण घेऊन बसलेल्या बायका. नवी लग्नं झालेली जोडपी भराभर चढतात आणि मध्येच थांबून फोटो काढतात, मुंडावळ्यांचा डाग अजून कपाळावर असतो. जावळ काढायला आणलेली बाळं रडत असतात. माझ्या पुढे एक आजीबाई दर दहा पायऱ्यांनी कठड्याला टेकायच्या, आणि त्यांची बहीण मागून ओरडायची, "बसू नुको गो, बसलीस का मंग उठाचा नाय!" त्या बसल्या नाहीत. "आई माऊलीचा उदो उदो" असा गजर खालून वर सरकत येतो, तोंडातोंडी पुढे जातो आणि वरच्या वळणावर मोबाइलच्या गाण्यात विरघळतो.

वर पोचल्यावर पहिल्यांदा दिसते ती लेणी. देऊळ तिच्या दारातच, अगदी उंबऱ्याला लागून आहे. रांगेचे लोखंडी कठडे चैत्याच्या तोंडावरून फिरवलेले आहेत, त्यामुळे देवीकडे जाणाऱ्या प्रत्येकाला दोन हजार वर्षं जुन्या दगडाला खांदा घासतच पुढे सरकावं लागतं. बहुतेकांचं तिकडे लक्ष नसतं. माझं होतं, कारण रांग हलत नव्हती.

कार्ल्याचा चैत्य म्हणजे डोंगर आत खोदून काढलेला सभामंडप. लांबी सुमारे 124 फूट, उंची सुमारे 46 फूट. भारतातल्या कोरीव चैत्यगृहांत याच्याएवढं मोठं दुसरं नाही. छताच्या कमानीला लाकडी फासळ्या आहेत आणि त्यातल्या पुष्कळशा मूळच्याच आहेत, हे वर मान करून पाहिल्यावरही खरं वाटत नाही. बाहेर सोळा बाजूंचा सिंहस्तंभ, माथ्यावर चार सिंह. जोडीचा दुसरा स्तंभ आज जिथे एकवीरेचं देऊळ आहे त्या बाजूला असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. या जागेवर कुणाचा हक्क आधी, हा वाद अधूनमधून पेटतो. मला त्यात पडायचं नाही. मला तिथे रांगेत उभं राहून दुसरीच गोष्ट दिसली.

चैत्याच्या खांबांवर, भिंतींवर ब्राह्मी लिपीत लेख आहेत आणि बहुतेक लेखांचा मजकूर एकच: हे अमक्या गावच्या अमक्याचं दान. सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाने दिला. चैत्याचं शैलगृह वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीच्या, भूतपाल श्रेष्ठीने पुरं केलं आणि जंबुद्वीपात याच्यासारखं दुसरं नाही, अशी फुशारकीही कोरून ठेवली. धेनुकाकट नावाच्या गावच्या लोकांनी खांबच्या खांब दिले, त्यांत यवनही होते. तिथल्याच सामी नावाच्या सुताराने दाराचं काम केलं, त्याचंही नाव दगडावर आहे. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने इथल्या भिक्षूंना करजिक गाव दिलं. आणि एक खांब, ज्यात अवशेष ठेवले होते, तो सोपारकाच्या भिक्षूंशी जोडलेल्या एका माणसाचा. सोपारक म्हणजे नालासोपारा. त्या सकाळी माझ्या मागे रांगेत उभं असलेलं कुटुंब वसईचं होतं. दोन हजार वर्षांपूर्वी त्याच किनाऱ्यावरून, याच बोरघाटाच्या वाटेनं लोक वर येत, गाठीला असलेलं काहीतरी देत आणि आपलं नाव लिहून जात. आज पायरीवर, बाकावर, पाण्याच्या टाकीवर 'यांच्या स्मरणार्थ' असे संगमरवरी तुकडे बसवलेले दिसतात. अक्षरं सोनेरी रंगाची, गावाचं नाव ठळक. सुताराला आता कुणी जागा देत नाही, एवढाच फरक.

दर्शन दहा-पंधरा सेकंदांचं. शेंदरी मुखवटा, हिरवी साडी, शेजारी जोगेश्वरी. पुजारी ओटी घेतो, नारळ वाढवला जातो, अर्धी कवड परत हातात येते आणि मागचा लोंढा तुम्हाला बाहेर ढकलतो. रांगेत दीड तास उभी राहिलेली बाई बाहेर येऊन म्हणाली, "डोलेभरून बघितली," आणि तिचा चेहरा खरोखरच तसा होता. मी गप्प बसलो.

चैत्रात मात्र हे सगळं कितीतरी पटींनी वाढतं. चैत्र शुद्ध षष्ठीला देवघर गावात देवीच्या भावाचा, काळभैरवनाथाचा उत्सव, सप्तमीला गडावर देवीची पालखी, अष्टमीला तेलवण. मुंबईच्या कोळीवाड्यांतून मंडळं पायी पालख्या घेऊन निघतात, एका रंगाचे टीशर्ट घालून, खोपोलीहून घाट चढून येतात. त्या दिवसांत गडावर पशुहत्या, दारू आणि फटाके यांना प्रशासन बंदी घालतं. फटाक्यांचं कारण फार साधं आहे: लेण्यांच्या वरच्या कड्याला आग्या माश्यांची पोळी लोंबतात. धुराने किंवा आवाजाने त्या उठून लोकांवर तुटून पडल्याचे प्रसंग घडले आहेत. पोलिसांचं न ऐकणारे लोकही पोळ्यांकडे बोट दाखवलं की ऐकतात.

गडावरचं हे झालं, पण खरी यात्रा बघायची तर खाली यावं. गावात घरोघरी शेड बांधलेल्या आहेत. वर पत्रा, खाली कोबा, एका अंगाला दगडविटांच्या चुली, नळ. दिवसाच्या भाड्याने शेड मिळते. टोप, पराती, झारे, लाकडं यांचे पैसे वेगळे. मी ज्या शेडमध्ये बसलो तिथे उरणकडचं एक कुटुंब होतं, नवसाचा बोकड घेऊन आलेलं. थोरल्या भावाने बोकडावर पाणी शिंपडलं. सगळे गप्प. बोकड नुसता उभा. पुन्हा पाणी, हळदकुंकू, कुणीतरी देवीला हाक मारली. मग बोकडाने एकदम सगळं अंग झाडलं आणि शेडमध्ये आरोळी उठली. देवीने मान घेतला. ओल्या जनावराने अंग झाडणं स्वाभाविक आहे हे मला कळतं, त्या थोरल्या भावालाही कळत असणार. तरीही मधल्या त्या मिनिटभरात त्याच्या कपाळावर घाम आला होता.

कापणारा माणूस गावातला. त्याचं काम झटपट, बोलणं नाही. मुंडी, पाय, वजडी वेगवेगळ्या पातेल्यांत गेली, कलेजी लगेच तव्यावर, पोरांसाठी. पुढचा सगळा कारभार बायकांकडे. घरून आणलेला मसाला, लाल भडक, बरणीचं झाकण उघडताच सगळ्यांना ठसका लागेल असा. सुकं खोबरं थेट निखाऱ्यावर भाजलं, कांदे आख्खेच राखेत सारले. वाटणासाठी पाटा-वरवंटा शेडमध्येच होता. मिक्सर आणला होता, पण वीज गेलेली. "बरा झाला," सासूबाई म्हणाल्या आणि सुनेच्या हातात वरवंटा दिला. सुनेला ते फारसं बरं वाटलं नसावं.

दुसरीकडे भाकऱ्या. परातीत तांदळाचं पीठ, त्यावर उकळतं पाणी, उलथन्याच्या दांड्याने ढवळायचं आणि हाताला सोसेल तितकं गरम असतानाच मळायचं. इथे उशीर केला की भाकरी चिरते. तिघीजणी ओळीत बसल्या: एक मळते, एक थापते, एक भाजते. थापणारीचे तळवे पाण्यात बुडून वर येतात, भाकरी दोन्ही तळव्यांत नाचत मोठी होते आणि तव्यावर पडताना कुठेही दुमडत नाही. पन्नाससाठ माणसांच्या भाकऱ्या झाल्या तेव्हा भाजणारीचा चेहरा चुलीसारखाच लाल झाला होता. या कामात एकही पुरुष नव्हता. पुरुष लाकडं फोडत होते, टोप उतरवत होते आणि मीठ बरोबर आहे का यावर मतं देत होते.

रस्सा दीड-दोन तास शिजला. लाकडांचा धूर पत्र्याखाली कोंडून डोळ्यांत जात होता, आणि शेजारच्या चार शेडमधूनही तोच वास येत असल्यामुळे कुठलं मटण कुणाचं हे नाकाला कळेना. पहिलं ताट देवीच्या नावाने बाजूला काढलं. मग पंगती. बाकी कुणीही जेवण्याआधी बोलावणं गेलं ते ड्रायव्हरला. त्याला घाट उतरायचा होता. मलाही बसवलं. नको म्हणायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. मासे खाऊन वाढलेल्या हातांनी असं मटण कसं जमतं, हे मी विचारणार होतो, पण तोंड रिकामं नव्हतं.

या सगळ्याला एक बाजू आहे ती दुपारी चारनंतर दिसते. थर्माकोलच्या पत्रावळ्या, पाण्याच्या बाटल्या, नारळाच्या शेंड्या, नाल्याकडे वाहणारं तेलकट पाणी. पाऊण महाराष्ट्राच्या देवस्थानांची हीच तक्रार आहे हे खरं, पण डोंगराखालच्या अरुंद गावात ती जास्त खुपते. गाव एका दिवसात जेवढं कमावतं तेवढा कचरा दुसऱ्या दिवशी उचलतं. उचलणाऱ्या बायकांना यात्रेचे वेगळे पैसे मिळतात का, असं विचारलं तर त्या हसल्या.

संध्याकाळ व्हायला आली तशी भांडी घासायला निघाली. राख, नारळाची किशी, नळाखाली वाकलेल्या चारपाच जणी. शेडवाला वही घेऊन आला आणि मोजू लागला: टोप, पराती, पळ्या, झारे. एक झारा कमी भरला. सकाळी मुळात दिलाच नव्हता, असं पाहुण्यांचं म्हणणं. वहीत लिहिलंय, असं त्याचं. आवाज चढले, देवीची शपथ दोन्हीकडून निघाली. शेवटी टेम्पोचा ड्रायव्हर गाडीखालून झारा घेऊन बाहेर आला. दुपारी त्याने रेडिएटरचं गरम झाकण फिरवायला नेला होता. शेडवाल्याने तो धुवून द्यायला लावला आणि अनामत रक्कम परत केली.