जुनी फियाट ओळखा, उन्हात चालती ठेवा

गोठ्याशेजारी जुनी फियाट उभी असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी नीट बघा. पाठ गोलसर उतरती आणि पुढचं दार उलटं, म्हणजे बिजागऱ्या मधल्या खांबाला? ती ‘डुक्कर फियाट’, अजिबात विकू नका. नंतरच्या फियाटचं ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव १९७४ पासूनचं. कुर्ल्याची बनावट, १०८९ सीसी इंजिन.

आमच्या फुलसावंगीच्या मे महिन्यात पद्मिनी चढावर बंद पडते आणि थंड झाल्यावर आपोआप सुरू होते. पेट्रोल पंप इंजिनालाच बसवलेला, त्यामुळे तापून आतल्या पेट्रोलची वाफ होते. पंपावर ओलं फडकं ठेवा, थांबा. गाडी सकाळी थंड असतानाही रुसत असेल, तर पंपाचा डायफ्राम आणि डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट बघा. काळवंडलेले पॉइंट बारीक पॉलिश पेपरने हलके घासून गॅप पुन्हा लावून घ्या.