विज्ञानाच्या ऑनलाइन ग्रंथालयासाठी संकेतस्थळांची पारख

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाने १९९७ मध्ये ‘मर्लोट’ हे शैक्षणिक साहित्याचे ऑनलाइन ग्रंथालय सुरू केले. त्यात सभासद साहित्य नोंदवतात. त्यातील निवडक साहित्याचे परीक्षण त्या त्या विषयाचे प्राध्यापक करतात. आशयाचा दर्जा, अध्यापनातील उपयुक्तता आणि वापरातील सुलभता तपासून पाचपैकी तारे दिले जातात.

यांत आशयाची तपासणी सर्वांत अवघड. ऋतूंवरील एखादे पान देखणे असते. पण पृथ्वीची कक्षा त्यात लांबट अंड्यासारखी काढलेली असते. सूर्य जवळ आला की उन्हाळा, असा समज विद्यार्थी सहज करून घेतो. प्रत्यक्षात जानेवारीच्या आरंभी पृथ्वी सूर्यापासून सर्वांत जवळ, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर असते, जुलैत सुमारे १५.२ कोटींवर, आणि जानेवारीत भारतात थंडी असते. ऋतू घडतात ते अक्षाच्या सुमारे २३.५ अंशांच्या कलामुळे. मजकूर निर्दोष असूनही चित्र चुकीचे शिकवते, म्हणून परीक्षकाने पान विद्यार्थ्याच्या नजरेने पाहायला हवे.

परीक्षणाची तारीखही पाहावी. ‘फ्लॅश प्लेअर’ हे सॉफ्टवेअर डिसेंबर २०२० अखेर बंद झाले आणि त्यावर चालणारी असंख्य प्रात्यक्षिके ब्राउझरमध्ये उघडेनाशी झाली. त्यापूर्वीचे पाच तारे अशा पानाबद्दल आज काहीच सांगत नाहीत. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पाने आपली बरीच प्रात्यक्षिके एचटीएमएल-५ मध्ये नव्याने तयार केली; त्यांतील काही मराठीतही आहेत. भाषांतरातील पारिभाषिक शब्द पाठ्यपुस्तकाशी जुळतात का, हे मात्र वर्गात शिकवणाऱ्यालाच पाहावे लागते.