तीन अक्षरांची भानगड

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात ‘जाहीर सूचना’ येते. अमुक गट नंबरची जमीन आमचे अशील खरेदी करीत आहेत, कुणाची हरकत असल्यास चौदा दिवसांत कागदपत्रांसह कळवावी. आपण पान उलटतो. ती देणाऱ्या सॉलिसिटरचं मात्र लक्ष असतं, हरकत आज आली तर बरी. खरेदीनंतर आली तर दिवाणी कोर्टात पिढी जाते.

सॉलिसिटर हे नाव खास मुंबईचं. पूर्वी हायकोर्टाच्या मूळ शाखेत सॉलिसिटरनं कागद बांधायचे आणि कौन्सेलनं उभं राहायचं. 1976 च्या दुरुस्तीनं कायद्यातली ही भिंत पडली, कामाची रीत राहिली.

जमिनीच्या कामात ही रीत म्हणजे सर्च. निबंधकाकडची सूची क्रमांक दोन तीस वर्षं मागे चाळायची आणि सातबाऱ्यावर विसंबायचं नाही. तो महसुलाचा उतारा आहे, मालकीचा दाखला नव्हे. खरी गंमत जुन्या फेरफारात असते. बाप गेला की थोरल्याचं नाव लागे आणि त्यापुढे तीन अक्षरं: ‘एकुमॅ’. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. जमीन सगळ्यांची, हा नुसता कारभारी. पुढे सातबारा नव्यानं लिहिताना कधी ती अक्षरं गळत, आणि थोरल्याची मुलं बिनदिक्कत मालक होऊन बसत. पुतण्यांचा दावा कित्येकदा या गळलेल्या अक्षरांवरच उभा असतो.

बहिणींचं तर नाव बरेचदा ‘इतर अधिकारा’च्या रकान्यात ढकललेलं. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला. वडील तेव्हा हयात नसले तरी तो मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. 20 डिसेंबर 2004 पूर्वी झालेली विक्री किंवा रीतसर वाटणी मात्र त्यामुळे मोडत नाही. ‘आत्यानं हक्क सोडलाय’ असं घरचे छातीठोक सांगतात. नोंदणीकृत हक्कसोडपत्र दाखवा म्हटलं की गप्प होतात.

मग सॉलिसिटर खरेदीखताचा मसुदा पुन्हा उघडतो. लिहून देणार, लिहून घेणार, आणि त्याखाली नव्यानं एक ओळ: संमती देणार. तिथं आत्याचं नाव टंकलं जातं.