मूकपटातली पहिली अभिनेत्री: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दादासाहेब फाळके यांचा मूकपट ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला. त्यातली तारामती ही भारतीय पडद्यावरची पहिली अभिनेत्री, असे अनेकजण धरून चालतात. प्रत्यक्षात तारामती झाले होते अण्णा साळुंके, उपाहारगृहात काम करणारा एक तरुण. सिनेमात उभी राहायला तेव्हा एकही बाई तयार झाली नव्हती.

ती अडचण सुटली नाशिकमध्ये. दादासाहेब फाळके यांनी त्याच वर्षी आपले काम मुंबईहून नाशिकला हलवले आणि तेथे ‘मोहिनी भस्मासुर’ तयार केला. त्यात पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली त्यांची तेरा-चौदा वर्षांची मुलगी कमला, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले. पतीपासून वेगळ्या झालेल्या दुर्गाबाईंनी लेकीला घेऊन रंगभूमीवर पोट भरले होते. सिनेमाआधीच लोकांची बोलणी त्यांनी सोसली होती. पहिलेपणाचा मान एकट्या कमलाबाईंना देणे म्हणूनच त्या आईवर अन्याय करणारे आहे.

यानंतर स्त्रीपार्टी नट पडद्यावरून गेले, हेही खरे नाही. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके यांनीच केल्या.

‘कालिया मर्दन’ (१९१९) मधला बाळकृष्ण पाहून तो मुलगाच वाटतो. प्रत्यक्षात ती फाळके यांची कन्या मंदाकिनी, वय साधारण सात. चित्रपटाच्या आरंभी फक्त तिचा चेहरा दिसतो. त्यावर एकामागून एक भाव उमटत जातात आणि पाहता पाहता त्याच चेहऱ्यातून कृष्ण साकारतो. हे काम आजही थक्क करते.

बोलपट आले आणि मूकपटातल्या बायका संपल्या, हा समज कमलाबाईंनीच खोटा ठरवला. नाटकांत त्यांनी पुरुषांच्या भूमिकाही केल्या आणि १९८० च्या ‘गहराई’पर्यंत त्या पडद्यावर दिसल्या. चंद्रकांत गोखले त्यांचे पुत्र, विक्रम गोखले नातू.

‘मोहिनी भस्मासुर’ची प्रत आज उपलब्ध नाही, त्यामुळे कमलाबाईंची मोहिनी पाहता येत नाही. ‘कालिया मर्दन’चा मोठा भाग मात्र शिल्लक आहे आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जतन केलेला आहे.